करडीचा खोकला

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

हे पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव. शेवटचा परिच्छेद मात्र मनात वाच, तो तुझा.

घसा पार बसला आहे. शनिवारी आठ शर्यती, रविवारी नऊ, आणि मधल्या वेळात लोकांशी गोड बोलणं. ते सगळ्यांत जड. घशाच्या डॉक्टरांनी गुरुवारपर्यंत तोंड उघडायचं नाही असं बजावलंय. एरवी फोन केला असता, पण तू म्हणतेसच की मी फोनवर बोलत नाही, समालोचन करतो. तेव्हा पत्रच बरं.

शुक्रवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगीत पेन्सिली घेऊन बसलो होतो. प्रत्येक जॉकीच्या सदऱ्याचा रंग कार्डावर रंगवायचा, शेजारी घोड्याचं नाव लिहायचं, आणि कार्ड उपडं करून घोकायचं. वर काचेच्या खोलीतून घोडे मुंगीएवढे दिसतात, रंगच काय तो ओळखायचा. शेजारच्या बाई वर्तमानपत्र मागायला आल्या. सत्तर सदरे पसरलेले पाहून म्हणाल्या, "मुलांच्या शाळेचं वाटतं?" मला मूल नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. मी म्हणालो, "हो."

शनिवारी पाचव्या शर्यतीत तीन घोड्यांनी एकदम रेषा ओलांडली आणि मी चुकीचं नाव घेतलं. अर्ध्या सेकंदात सुधारलं, पण कॅमेरामनने ऐकलं. आमच्या करारात समालोचकाने, कॅमेरामनने, पडद्यावर आकडे देणाऱ्या आकडेवालीने घोड्यावर पैसे लावायचे नाहीत असं स्वच्छ लिहिलंय. म्हणून आम्ही बाकी सगळ्यावर पैजा लावतो, चहाच्या कपावर. क्लबचे सचिव भाषणात किती वेळा "थोडक्यात" म्हणतील? मी चार म्हणालो, आकडेवाली नऊ म्हणाली. ते अकरा वेळा म्हणाले. या दोन दिवसांत मी सात कप हरलो. घोड्यांचं ज्याला कळतं त्याला माणसांचं कळत नाही, असं ती म्हणते.

रात्री घोड्यांच्या मालकांची मेजवानी. एका दातांच्या डॉक्टरांनी मला कोपऱ्यात गाठलं. "दात उपटताना तुमचं समालोचन लावतो, पेशंट गप्प राहतो," म्हणाले. तेवढ्यात बाबांचा लाडका ठोकळ्या आला. सूट घालून. बाबांच्या हाताखाली नाल ठोकायचा तो हाच, हे आता कुणाला सांगून पटणार नाही. मोठा ट्रेनर झालाय, पण हस्तांदोलन अजून घणासारखंच करतो. बाबांची चौकशी केली, तुझीही केली.

आता तुझं. सतराला वर्षातली सगळ्यांत मोठी शर्यत. जो तो ठोकळ्याच्या करड्या घोडीबद्दल बोलतोय. कुणी तिचं नाव "उगाच" ठेवलं देव जाणे. "उगाच पुढे आली" म्हटलं की खाली हशा पिकतो. तबेला तुमच्या खिडकीसमोर आहे. पहाटे कशी पळतेय ती? शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकमधून मला बोलायचं असतं, आणि लोक तेच ऐकून पैसे लावायच्या खिडकीकडे धावतात. म्हणतात, काय डोळा आहे या माणसाचा! नऊ वर्षं झाली, डोळा तुझा आणि तोंड माझं. एकदाही चुकली नाहीस.

तुझा,
भोंगा


गुरुवार, ७ नोव्हेंबर

प्रिय भोंग्या,

पत्र पोचलं. बाबांना दोनदा वाचून दाखवलं. पेन्सिलींचं ऐकून इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "लहानपणी मारून मुटकून अभ्यासाला बसवावं लागायचं. आता बघा."

ते बरे आहेत. डोळ्यांनी साथ सोडली तरी पहाटे पाचला खिडकीशी खुर्ची ओढून बसतात आणि टापा ऐकतात. परवा म्हणाले, "त्या तांबड्याचा मागचा डावा नाल सैल आहे." सईसाने पाय उचलून पाहिला, तर खरंच. तेव्हापासून तो सईस खिडकीखालून जाताना घोड्याला चवड्यांवर चालवता येईल का ते बघतो.

माझं म्हणशील तर रोज तेच. सकाळी बाबा, दुपारी बाबा, मधल्या वेळात ठोकळ्याच्या तबेल्याचे कागद. आम्ही राहतो ती खोलीही त्याचीच, त्यामुळे पत्रव्यवहार फुकट करून द्यावा लागतो. तुझ्या मेजवानीचं वाचलं. मी शेवटचं बाहेर जेवले ते कधी, आठवत नाही. असो.

तुझा परिच्छेद मी मनात वाचला. तूही हा मनातच ठेव. करडी खोकतेय. सोमवारपासून पहाटे बाहेर काढलेली नाही. अंधारात मागच्या बाजूने पंधरा मिनिटं फिरवतात आणि पुन्हा आत. ठोकळ्याने सगळ्यांना तंबी दिलीय. तू विचारलंस तर छातीठोक सांगेल की घोडी उत्तम आहे. विश्वास ठेवू नकोस. आणि मी सांगितलं हे कुठे बोलू नकोस, डोक्यावरचं छप्पर त्याचं आहे.

वाचून झालं की फाडून टाक.

तुझी,
ताई


सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

पत्र फाडलं नाही. तुझी पत्रं मी कधीच फाडत नाही, पण कुलपात ठेवलंय.

हाही आठवडा तसाच गेला, किंबहुना जास्तच. शुक्रवारी रेडिओवर तासभर मुलाखत, शनिवारी पावसाने मैदान चिखल आणि सगळ्या सदऱ्यांचा रंग एकच, तपकिरी. तीन शर्यती मी जॉकींच्या पाठीच्या बाकावरून ओळखून सांगितल्या. रविवारी एका मालकाच्या मुलीच्या लग्नाचं जेवण. तिथे मी ठोकळ्याला गाठलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "करडी कशी आहे?"

"ठणठणीत!" एवढ्या मोठ्याने ओरडला की चार टेबलं वळून बघायला लागली. माझ्या पाठीवर थाप मारली. "लिहून ठेव. अशी घोडी मी जन्मात पाहिली नाही."

ताई, खरं बोलणारा माणूस असा ओरडतो का? तू लिहिलंस अगदी तसंच झालं. मला हसू आलं, आणि मग वाईटही वाटलं. एके काळी आपल्या घरी जेवलेला माणूस.

आता माझी पंचाईत ऐक. येत्या रविवारी पॅडॉकमधून बोलताना मी गप्प बसलो, तर अर्धं शहर आजारी घोडीवर पैसे लावणार. आमचा लिफ्टवाला गेला महिनाभर रोज विचारतो, "साहेब, सतराला करडीच ना?" त्याने वर्षभर या एका शर्यतीसाठी बाजूला काढलंय. आणि बोललो, तर ठोकळ्याशी कायमचं वैर. पण मी लोकांचा, ठोकळ्याचा नाही. बाबा म्हणायचे ना, घोड्याच्या पायाबद्दल खोटं बोलणाऱ्याने हातात हातोडा धरू नये. माझ्या हातात माईक आहे, एवढाच फरक.

पण एवढ्या मोठ्या दिवशी चुकलो, तर पुन्हा त्या काचेच्या खोलीत पाऊल टाकायला मिळणार नाही. दुसरं मला काही येतही नाही. म्हणून एकदा खात्री करून कळव. आणि बाबांना विचार. ते टापांवरून सांगतील. त्यांनी हो म्हटलं की मला दुसरा दाखला नको.

शुक्रवारच्या आत पत्र मिळेल असं टाक.

भोंगा


बुधवार, १३ नोव्हेंबर

प्रिय भोंग्या,

खात्री आहे. काल घोड्यांचा डॉक्टर दोनदा आला.

बाबांना विचारलं. म्हणाले, "चाल जड आहे, दम पुरत नाही."

काय करायचं ते तुझं तू ठरव. मी एवढंच म्हणेन की लोक तुझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्यांना फसवू नकोस.

घशाला जप. गरम पाणी पी.

ताई


सोमवार, १८ नोव्हेंबर

ताई,

तू बाबांजवळ बसून ऐकलंच असशील. तरी लिहितो.

दुपारी तीनला मी पॅडॉकमध्ये उभा होतो. करडी माझ्यासमोरून दोनदा गेली. अंगावर तकाकी, मान ताठ, कान पुढे. माझ्या स्वतःच्या डोळ्यांना ती उत्तम दिसत होती, आणि मी माझ्या डोळ्यांना गप्प केलं. म्हटलं, तुला काय कळतं, ताईने आठवडाभर पाहिलंय. आणि माईकवर बोललो. म्हणालो, "या घोडीला गेले काही दिवस खोकला आहे अशी माझी खात्रीची माहिती आहे. दिसतं तसं नाही. जपून."

पाच मिनिटांत तिचा भाव कुठल्या कुठे चढला, जिंकली तर रुपयाला दहा. कालपर्यंत जिला सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते तिला कुणी विचारेना. सगळा पैसा "पोस्टमास्तर" या दुसऱ्या घोड्यावर गेला. मी लिफ्टने वर गेलो. लिफ्टवाला म्हणाला, "वाचवलंत साहेब. बायकोला सांगून आलो होतो करडी म्हणून, आता बदललं."

शेवटच्या वळणापर्यंत ती सातवी होती. मग जॉकीने तिला घोळक्यातून बाहेर काढलं. ताई, आता तिचंच नाव घ्यावं लागणार हे मला सगळ्यांच्या आधी दिसलं. दोन सेकंद माझ्या माईकवरून नुसता श्वास गेला. मग सवयीने तोंड उघडलं. "उगाच पुढे. उगाच एकटी. उगाच जिंकली." सहा घोड्यांचं अंतर ठेवून जिंकली. खाली एकही माणूस हसला नाही.

कॅमेरामन माझ्याकडे बघेना. आकडेवालीने न विचारता माझ्यापुढे चहा ठेवला. पैज न जिंकता मिळालेला तो पहिलाच कप, आणि तो तसाच ठेवून मी निघालो. खाली जाताना लिफ्टवाल्याने बटण दाबलं आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

क्लबच्या समितीने सोमवारी, पंचवीसला बोलावलंय. प्रश्न एकच आहे. ही खात्रीची माहिती कुणी दिली?

मला वाटतं, ठोकळ्याने तुलाही बनवलं. तू माझी बहीण हे त्याला ठाऊक, तू मला लिहितेस हेही ठाऊक. मुद्दाम तुझ्या खिडकीसमोर डॉक्टर आणून उभा केला असेल, पहाटे घोडी लपवली असेल. तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून लोकांकडे. आपल्या दोघांनाही तोंडघशी पाडलं बघ त्याने. बाबांनासुद्धा! त्यांच्या कानांना फसवणं म्हणजे कमाल झाली.

तू काय काय पाहिलंस ते तारखेनिशी लिहून पाठव. समितीपुढे ठेवतो. तुझं नाव घेऊ ना?

तुझा भाऊ


गुरुवार, २१ नोव्हेंबर

प्रिय भोंग्या,

जिवाला लावून घेऊ नकोस. लोक आठ दिवसांत विसरतात.

असेल, ठोकळ्यानेच केलं असेल. मला बिचारीला काय कळणार? मी लांबून जे दिसलं ते लिहिलं.

पण माझं नाव घेऊ नकोस. विचार कर, ठोकळ्याने उद्या खोली रिकामी करा म्हटलं तर या वयात बाबांना घेऊन मी कुठे जाऊ? तुझ्या त्या दीड खोलीत? तू सरळ सांग, घोडी मला तशी वाटली, मी माझ्या मनाने बोललो. चूक कुणाची होत नाही? फार तर दंड करतील, चार शर्यती घरी बसवतील. घशाला तेवढीच विश्रांती.

आणि माझी पत्रं जाळ. फाडू नकोस, जाळ.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना त्रास होईल असं काही लिहू नकोस, मी त्यांना तुझी पत्रं मोठ्याने वाचून दाखवते हे लक्षात ठेव.

ताई


मंगळवार, २६ नोव्हेंबर

ताई,

हे मोठ्याने वाचू नकोस.

लांबट टेबल, पलीकडे पाच माणसं. त्यांनी आधी माझाच आवाज लावला. "खात्रीची माहिती आहे." तीनदा लावला. तिसऱ्यांदा तो मला दुसऱ्याच कुणाचा वाटायला लागला.

मी तुझं नाव घेणार नव्हतो. ते ठरवूनच गेलो होतो, खोलीसाठी आणि बाबांसाठी. पण ठोकळ्याचं नाव घ्यायचं पक्कं केलं होतं. तर अध्यक्षांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. करडीच्या मालकीचा. म्हणाले, "घोडीत चौथा हिस्सा या बाईंचा आहे. मार्चपासून. शर्यतीच्या दिवशी भाव चढल्यावर घोडीवर ज्यांनी मोठ्या रकमा लावल्या, त्यांतही या आहेत. स्वतः खिडकीवर येऊन. तुम्ही ओळखता का यांना?"

तुझं सासरचं आडनाव. ते घर सोडून तुला चौदा वर्षं झाली, मला ते आडनाव आठवायलाही क्षणभर वेळ लागला. त्यांना कुठून कळणार? पण खाली सही होती. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या नावाने तू करायचीस तशीच, शेवटच्या अक्षराची शेपटी वर नेलेली. ती ओळखायला मला आडनाव लागत नाही.

म्हणजे तू बाबांजवळ बसून ऐकत नव्हतीस. तू खाली गर्दीत होतीस. मी वर काचेत, माझ्या तोंडून तुझ्या घोडीचं नाव निघेना, आणि तू खाली उभी राहून ऐकत होतीस.

ठोकळ्या मला व्हरांड्यात भेटला होता. डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला, "मी तर तुला खरं सांगितलं होतं. ठणठणीत म्हणालो होतो, चार टेबलांनी ऐकलंय." खरंच की! सगळ्या जगात मला खरं सांगणारा तेवढा एक निघाला, आणि मी त्याला खोटा ठरवला, कारण माझ्या बहिणीचं पत्र माझ्या खिशात होतं.

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, "ओळखता का?"

मी म्हणालो, "नाही. मी या बाईंना ओळखत नाही." आणि ताई, खोटं बोललो असं मला वाटलं नाही.

मग मी माझ्या मनाने बोललो, माहिती वगैरे कुणी दिली नाही, असं लिहून दिलं. माईक गेला. चार शर्यतींसाठी नाही, कायमचा. कुठल्याच मैदानावर आता मला उभं करणार नाहीत. रंगवलेली कार्डं काल शेजारच्या बाईंना रद्दीत दिली. "मुलांचं शाळेचं झालं?" म्हणाल्या. म्हटलं, झालं.

परक्याने गळा कापला असता तर ओरडलो असतो. तू केसाने कापलास, मला कळायला आठ दिवस लागले. नऊ वर्षं तू मला खरं लिहीत होतीस, ते याच एका दिवसासाठी का? तेवढं तरी सांग.

पत्रं जाळली नाहीत. कुणाला दाखवणारही नाही. मला तुझ्याकडून पैसा नको, माफी नको. एकच कर. बाबांना तू सांग. तुझ्या तोंडाने, खरं खरं. ते दर शनिवारी रेडिओ लावून माझी वाट बघतील. त्यांना वाटता कामा नये की त्यांचा मुलगा घोड्याबद्दल खोटं बोलला. बाकी जगाला काय वाटायचं ते वाटो.


रविवार, १ डिसेंबर

भोंग्या,

तू विचारलंस म्हणून सांगते. नाही, नऊ वर्षं त्यासाठी नव्हती. नऊ वर्षं मी खरंच लिहीत होते. पहाटे पाचला उठून, थंडीत कुडकुडत, कुठला घोडा कोणता पाय चोरतो ते बघून. आणि शनिवारी रेडिओ ऐकून लोक म्हणायचे, काय डोळा आहे या माणसाचा! बाबासुद्धा म्हणायचे. माझ्या शेजारी बसून, माझ्या हातचा चहा पिता पिता म्हणायचे, "पोराने माझा डोळा घेतला." मी एकदाही बोलले नाही की बाबा, तो डोळा इथे तुमच्या शेजारी बसलाय. तू त्या दातांच्या डॉक्टरांना तरी कधी सांगितलंस?

ठोकळ्याने मार्चमध्ये कागदपत्रांच्या कामाबद्दल पैशांऐवजी घोडीत हिस्सा देऊ केला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालकीचं काही झालं. चार पायांतला एक पाय. भाव वाढवायची कल्पना त्याची, पण पत्र लिहायची माझी. त्याला वाटलं होतं, तुला सगळं सांगून तुझ्याकडून बोलवून घेऊ. मी म्हटलं, छे. भोंग्याला खरं सांगितलं तर ते त्याच्या आवाजात येईल. त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणून तुला खरं वाटेल असंच करावं लागलं. याला तू विश्वासघात म्हण. मी तुला इतकं ओळखते, तेवढं तुला या जगात कोण ओळखतं?

तू माझं नाव घेतलं नाहीस. मी रडले. खरंच रडले. भावासारखा भाऊ आहेस.

शहराच्या या टोकाला एक घर बघितलंय. वर गच्ची आहे, खाली बाबांसाठी पायऱ्या नसलेली खोली. तुलाही एक खोली ठेवलीय. राग गेला की ये.

बाबांना सांगते. कालच ते विचारत होते, आज कुणी दुसराच का बोलतोय म्हणून. मी म्हटलं, घसा. पण सांगते. शब्द दिला.

ताई


मंगळवार, १० डिसेंबर

चि. धाकट्यास,

हे पत्र मी सांगतो आहे आणि तुझी बहीण लिहिते आहे. तिला म्हटलं, मी बोलेन ते उतरवून घे, स्वतःचं काही घालू नकोस.

गेले दोन शनिवार रेडिओवर कुणी नवा मनुष्य बोलतो. त्याला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही. मी तिला विचारलं, पोराचा घसा अजून बरा कसा नाही? ती उडवाउडवी करू लागली. मी खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाली, "बाबा, त्याला काढून टाकलं. घोडी आजारी आहे असं तो खोटंच बोलला म्हणून." मी म्हटलं, का बोलेल तो खोटं? तर म्हणाली, "मला काय ठाऊक? घेतलं असेल कुणाकडून काही." आणि रडू लागली. तुझ्यावर तिचा जीव आहे, तिच्या तोंडून हे निघताना तिला किती जड गेलं ते मी ऐकलं.

मला तिचं खोटं वाटेना, कारण त्या दिवशी रेडिओवर मी तुला ऐकलं होतं. तू म्हणालास, घोडी खोकते. मी खुर्चीत ताठ बसलो. अरे, ती करडी त्या पंधरवड्यात रोज पहाटे माझ्या खिडकीखालून गेली. एक दिवस चुकली नाही. चार पाय घड्याळासारखे पडत होते. कसला खोकला? मला वाटलं, पोराला कुणी चुकीचं सांगितलं असेल. पण तुला घोड्याचं काही विचारायचं झालं तर तू मला विचारलं असतंस. तू विचारलं नाहीस. कुणीच विचारलं नाही. विचारलं असतंस तर एका शब्दात सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस याचा अर्थ तुला खरं नकोच होतं.

मी चाळीस वर्षं नाल ठोकले. एका घोड्याच्या मालकाने मला एकदा म्हटलं होतं, खिळा जरा आत जाऊ दे, घोडा रविवारी लंगडला पाहिजे. मी त्याचा घोडा बाहेर काढून दार लावून घेतलं. तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, माझ्या शेजारी उभा होतास. तुला आठवत नसेल.

तुझं पत्र आलं तर मला वाचून दाखवू नये असं मी तिला सांगितलं आहे. ती म्हणते, बाबा, असं नका करू. मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस. आम्ही नव्या घरात जाणार आहोत. पत्ता मी तुला कळवत नाही.

मला आता दिसत नाही, पण तुझी बहीण आहे. ती मला कधी खोटं वाचून दाखवत नाही.

तुझा,
बाप

हे सगळं बाबांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं आहे. लिहून झाल्यावर त्यांना वाचूनही दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही.

ताई